कावळ्यामार्फत

कोथरूडच्या आमच्या गल्लीत पायी चालताना हेल्मेट घालणारा एकच माणूस होता. ज्या शहरात लोक स्कूटरवर बसूनसुद्धा हेल्मेट आरशाला लटकवतात, तिथे हा गृहस्थ बंगल्याच्या दारापासून फाटकाबाहेरच्या गाडीपर्यंत हेल्मेटची काच खाली ओढून जायचा. नाव जयसिंगशेठ. गळ्यात करंगळीएवढी चेन, आणि नाक्यावरच्या फ्लेक्सवर हात जोडलेला फोटो. फोटोत हेल्मेट नसायचं, त्यामुळे फ्लेक्सवरचा माणूस तो हाच, हे नव्या भाडेकरूंना कळायला वेळ लागे. कावळ्यांना कधी लागला नाही.

पण गोष्ट जयसिंगशेठची नाही. गोष्ट आहे त्यांच्या धाकट्या बहिणीची, विजयमालेची. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीत ती शिळ्या भाकरीचा चतकोर घेऊन उभी असायची. दादाच्या दाराची कडी वाजली की चतकोर कुस्करून खिडकीखालच्या पत्र्यावर टाकायची. कावळे जमायचे. जमलेल्या कावळ्यांना दादा दिसायचा. पुढचं ते आपापसात बघून घ्यायचे. मग विजयमाला खिडकी लावून चहा गाळायला घ्यायची, आणि तो चहा तिला फार गोड लागायचा. मधुमेहामुळे साखर सोडून तिला बरीच वर्षं झाली होती, ही गोष्ट वेगळी.

हे घराणं मूळ कोथरूडचं, म्हणजे कोथरूड हे गाव होतं तेव्हाचं. आज जिथे ड्रायक्लीनर, ब्यूटी पार्लर आणि तीन तीन क्लास आहेत तिथे यांची ज्वारी उभी असायची. जमिनीला भाव आला तसा जयसिंग शेतकऱ्याचा बिल्डर झाला. स्वतःला बंगला बांधला, समोर चार मजली इमारत उठवली आणि तिच्यात आईला दोन खोल्या दिल्या. आई म्हणजे कौशल्याबाई. त्या दोन खोल्यांत त्यांच्याबरोबर विजयमाला राहायची. तिला सासवडकडे दिली होती. नवऱ्याने दुसरं बिऱ्हाड थाटल्याचं कळलं तशी ती पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीने परत आली. कौशल्याबाईंनी का आलीस, कशी आलीस, काही विचारलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं. विजयमालेला आयुष्यभर पुरेल असं ते वाक्य होतं, म्हणून पुढे जे झालं ते तिला फार लागलं.

ती एका कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर नोकरीला होती. साहेब मीटिंगमध्ये आहेत, हे वाक्य तिने खरं असताना आणि खोटं असताना इतक्या वेळा म्हटलं होतं, की पलीकडच्याने नुसतं हॅलो म्हटलं तरी पुढे काम येतंय की थाप, हे तिला कळायचं. मग देशाची दारं उघडली, कारखान्याला परदेशी भागीदार मिळाला, भागीदाराबरोबर मशीन आलं. मशीनमधली बाई एक दाबा, दोन दाबा म्हणू लागली आणि विजयमाला वेळेआधी निवृत्त होऊन घरी बसली. एवढे तयार कान आता करायचे काय? ते तिने कावळ्यांना लावले.

कावळे होते ते कौशल्याबाईंचे. इमारतीच्या कोपऱ्यावर एक जुना कडुनिंब होता. दोन्ही पोरांच्या झोळ्या कौशल्याबाईंनी त्यालाच बांधल्या होत्या, आणि शेत विकलं तेव्हा एवढं झाड राहू दे असा लेकाकडून शब्द घेतला होता. त्यावर कावळ्यांची सगळी वस्ती. सकाळी पहिली भाकरी त्यांची, मग माणसांची. त्यांच्यात एक लंगडा होता, त्याच्याशी तर बाई घरच्या गड्याशी बोलावं तशा बोलायच्या.

हेच कावळे विजयमालेच्या वाळवणावर शिटायचे. एका उन्हाळ्यात पाटभर कुरडया फुकट गेल्या तेव्हा ती आईच्या आणि दादाच्या देखत तणतणली, की तोडून टाका एकदाचं ते झाड. असं घरोघरी बायका दिवसाकाठी दहादा म्हणतात. नवऱ्याला, पोराला, मिक्सरलासुद्धा म्हणतात. ते मनात धरायचं नसतं. पण जयसिंगने ते धरून ठेवलं, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

पुढच्या वर्षी, मे महिन्यात कौशल्याबाई मोरीत पाय घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. विजयमाला आईबरोबर हॉस्पिटलात मुक्कामाला. इकडे जयसिंगला इमारतीचा तळमजला एका कॉम्प्युटर क्लासला भाड्याने द्यायचा होता. तेव्हा कोथरूडमध्ये ज्याला त्याला अमेरिकेला जायचं होतं आणि अमेरिकेचा रस्ता कॉम्प्युटर क्लासमधून जायचा. क्लासवाल्यांना पोरांच्या गाड्या लावायला जागा पाहिजे होती. त्या जागेत कडुनिंब उभा होता.

एका रविवारी तो पडला. घरट्यांत पिल्लं होती. करवत चालवणाऱ्यांनी भुशामुळे तोंडाला पंचे गुंडाळले होते, त्यामुळे कावळ्यांनी बघून ठेवावं असं तोंड तिथे एकच होतं. कमरेवर हात ठेवून, झुबकेदार मिशीला पीळ देत उभं असलेलं.

कौशल्याबाई वॉकर धरून रिक्षातून उतरल्या आणि कोपऱ्याकडे बघत राहिल्या. तिथे ओळीने स्कूटी लावल्या होत्या. झाड कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. जयसिंग पुढे झाला आणि अगदी हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाला, "मालीनंच सांगितलं आई. फोन करून म्हणाली, आई यायच्या आत काढून टाक."

विजयमाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो हॅलो न म्हणताच खोटं बोलला होता, त्यामुळे तिला सावध व्हायला वेळच मिळाला नाही. मग तिने नाही म्हटलं, शपथ घेतली. पण कौशल्याबाईंनी कुरडयांच्या वेळचं ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी लेकीकडे एकदा पाहिलं आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद केलं.

दोन खोल्यांत दोन बायका आणि अबोला. चालायचं कसं? कौशल्याबाईंनी तोड काढली. कावळे आता शेजारच्या शाळेच्या झाडावर राहायला गेले होते, पण भाकरीला खिडकीत येत. बाई लंगड्यामार्फत बोलू लागल्या.

"लंगड्या, हिला सांग, च्या निवतोय."

"लंगड्या, हिला इचार, गोळ्या आणल्या का."

विजयमालाही कावळ्याकडे बघून उत्तर द्यायची, की आणल्यात म्हणावं, पाण्याबरोबर घ्यायच्या आहेत, दुधाबरोबर नाही. लंगडा एकदा इकडे मान वळवायचा, एकदा तिकडे, आणि भाकरी संपली की उडून जायचा. मग निरोप तिथेच खुंटायचा आणि दुसरा कावळा येईपर्यंत दोघी गप्प बसायच्या. एकदा विजयमालेला सणकून ताप भरला. संध्याकाळ झालेली, कावळे झाडावर गेलेले. कौशल्याबाई वॉकर आपटत तीनदा खिडकीपाशी जाऊन आल्या. शेवटी रिकाम्या पत्र्याकडे बघून म्हणाल्या, की हिला सांग रे कुणीतरी, कपाळाला सुंठ लाव. विजयमाला भिंतीकडे तोंड करून रडली. सुंठ लावली नाही.

इमारतीत या प्रकाराची फार करमणूक व्हायची. दुसऱ्या मजल्यावरच्या बायका कपडे वाळत घालताना कान देऊन ऐकायच्या आणि आज कावळ्याला काय काय निरोप होते ते चौथ्या मजल्यापर्यंत पोचवायच्या. ते काम कावळ्यांपेक्षा चांगलं व्हायचं.

विजयमालेला भावाकडून एकच गोष्ट हवी होती. जे त्याच्या तोंडातून बाहेर पडलं ते त्याच्याच तोंडाने परत घ्यायला हवं होतं, आईसमोर आणि चार लोकांत. जमीन नको, खोली नको. पहिल्या दिवाळीला, भाऊबीजेचं ओवाळून झाल्यावर तिने ते मागितलं. जयसिंगने ताटात पाकीट टाकलं आणि हसला.

"आता सांगितलं तर आई माझ्याशी बोलायची बंद होईल. तुला काय, तुला सवय झालीय."

पाकीट तिने तिथेच ठेवलं. घरी येऊन तिने शिळी भाकरी शोधली.

त्या दिवसापासून पत्र्यावरचा चतकोर सुरू झाला. कावळ्यांना जयसिंग आठवत होताच, विजयमालेने तो शिळा होऊ दिला नाही. पिल्लं उडायला लागली की आईबापांबरोबर पत्र्यावर यायची, बरोबर त्याच वेळी दादा फाटकात, आणि वर एकच कालवा. पिल्लांचं शिक्षण झालं. दोनतीन उन्हाळ्यांत अशी पलटण तयार झाली, की जिने कडुनिंब कधी पाहिला नव्हता पण जयसिंगशेठना लांबून ओळखत होती. त्यांनी टोपी घालून पाहिली. छत्री घेऊन पाहिली, तर भर उन्हाळ्यात छत्री का म्हणून लोकच विचारू लागले. कावळ्यांना फरसाण घालून पाहिलं, कावळ्यांनी फरसाण खाल्लं आणि मग टोचलं. शेवटी कुणीतरी सल्ला दिला म्हणून त्यांनी ती झुबकेदार मिशी उतरवली. कावळ्यांनी क्षणभरही फसवून घेतलं नाही, पण गावाकडची चार माणसं मात्र पांढरे कपडे घालून भेटायला आली. मिशी उतरवली म्हणजे म्हातारी गेली, असं त्यांना वाटलं. म्हातारी खिडकीत बसून लसूण सोलत होती. विजयमाला त्या रात्री हसता हसता ठसका लागून उठून बसली. त्यानंतर हेल्मेट आलं.

आणखी वर्षभराने जयसिंगचा मुलगा रविराज याचं लग्न झालं आणि शेफाली नावाची सून बंगल्यात आली. हिंजवडीच्या एका कंपनीत ती कॉम्प्युटरला माणसांची भाषा समजावी म्हणून काहीतरी करायची. बंगल्यात कुणाला तिच्या कामात रस नव्हता, म्हणून शनिवारी ती आत्याकडे पोहे खायला यायची.

विजयमालेने विचारलं होतं, की शिकतो का तो कॉम्प्युटर. शेफाली म्हणाली, शिकतो, पण त्याला टोमणा कळत नाही. मग पुण्यात त्याचा काय उपयोग, असं विजयमाला म्हणाली, आणि दोघींचं जमलं.

एका शनिवारी खिडकीत कावळ्यांचा गोंधळ चालू असताना विजयमालेने सहज विचारल्यासारखं विचारलं, की यांना भाषा असते का.

"हाका असतात, आत्या," शेफाली पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत म्हणाली. "ससाणा आला, खाणं मिळालं, हा माणूस डेंजर आहे. पण सगळं समोरचं. काल काय झालं ते त्यांना सांगता येत नाही. उद्याचं तर नाहीच. आणि जे कधी घडलंच नाही ते सांगणं, ते फक्त आपल्याला जमतं. लँग्वेज म्हणजे तेच."

"थाप मारणं."

"थापही आली. गोष्ट आली, वचन आलं. सगळं त्यातच."

"मग झाड पडलं तेव्हा जे अंड्यातही नव्हते, ते तुझ्या सासऱ्याला कसे ओळखतात?"

शेफालीने तेही सांगितलं. मोठे कावळे ओरडतात तेव्हा लहान बघतात, की समोर कोण आहे. तोंड लक्षात राहतं. पण ते तोंड समोर नसेल तर विषय संपला. बंगल्यात बसलेल्या माणसाबद्दल कावळे झाडावर काही बोलत बसत नाहीत.

"म्हणजे तो समोर पाहिजे," विजयमाला म्हणाली, आणि तिच्या ताटात आणखी पोहे वाढले.

अबोल्याला सहा वर्षं झाली त्या मे महिन्यात कौशल्याबाई गेल्या. सकाळी भाकरी कुस्करली, लंगड्याला म्हणाल्या, हिला सांग, गॅस बारीक कर, आणि भिंतीला टेकल्या. विजयमालेने गॅस बारीक केला, पाठ वळवली, तर सगळं संपलं होतं. शेवटचा शब्दही कावळ्याला गेला होता.

गल्लीतल्या बायका सांत्वनाला आल्या त्यांना विजयमाला रडताना दिसली नाही. ती हिशेब मांडत बसलेल्या माणसासारखी दिसत होती. आता आईसमोर तर काही व्हायचं नव्हतं. उरली चार माणसं. आणि चार माणसं पुन्हा जमणार ती दहाव्यालाच.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला पाहिजे. नाही शिवला तर गेलेल्या माणसाचं मन कशाततरी अडकलेलं असतं, म्हणून मागे राहिलेल्यांनी हात जोडून मोठ्याने सांगायचं, की तुझं अमुक करू, तमुक बघू, काळजी करू नकोस. मग शिवतो. आणि जे तिथे बोललं जातं ते भावकीत कुणी मोडत नाही. जयसिंगने बेत केला होता तो ओंकारेश्वरावर. नदीकाठचे ते कावळे रोजचे सरावलेले, पान ठेवायचा अवकाश की हजर, अर्ध्या तासात मोकळं. शिवाय त्या कावळ्यांची आणि जयसिंगशेठची काही ओळख नव्हती.

तिसऱ्या दिवशी भावकी बसली असताना विजयमाला म्हणाली, की आईची इच्छा होती, दहावा आपल्या विहिरीपाशी व्हावा. इमारतीमागे शेतातली जुनी विहीर अजून होती, वर लोखंडी जाळी टाकलेली, बाजूला दगडी चौथरा. शाळेच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर.

चुलते रामदासकाका घरातले सर्वांत वडील. ऐकायला कमी यायचं, पण डोकं शाबूत होतं. ते म्हणाले, "पर तुझ्याशी तर ती बोलत न्हवती."

सगळ्यांनी विजयमालेकडे पाहिलं. जयसिंगने तर सुस्कारा सोडला.

"माझ्याशी नाही, काका. कावळ्याला सांगत होती. मी ऐकत होते."

म्हातारी सगळं कावळ्याला सांगायची, हे अख्ख्या कोथरूडला ठाऊक होतं. काकांनी मान हलवली आणि विहीर ठरली. विजयमालेने आणखी एक गोष्ट अगदी बारीक आवाजात सुचवली. एवढे लोक येणार, प्रवचनकार येणार, तेव्हा माईक चांगला असावा. जयसिंगने स्वतः फोन करून गल्लीतले सर्वांत मोठे कर्णे मागवले. पुढच्या वर्षी निवडणूक होती.

दहाव्याचा दिवस. वैशाखातलं ऊन, पांढरे मंडप, पाच-सातशे माणूस. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली. न्हाव्याने जयसिंगशेठची पुन्हा वाढलेली मिशी उतरवली, डोकं तासून गुळगुळीत केलं. विहिरीवर अंघोळ करून ओल्या धोतराने, उघड्या डोक्याने ते चौथऱ्यापाशी उभे राहिले. कर्म करणाऱ्या लेकाला हेल्मेट चालत नाही. विजयमालेला एकाच गोष्टीची धाकधूक होती. डोकं आणि मिशी दोन्ही गेल्यावर कावळे चुकले तर? तिने शाळेच्या झाडाकडे पाहिलं.

एक कावळा ओरडला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. मग दुसरा, मग सगळं झाड. विजयमालेने पदर डोक्यावरून नीट घेतला.

गुरुजी सदाशिव पेठेतून आले होते आणि त्यांना पुढे आणखी एक दहावा होता. त्यांनी दर्भावर पिंड ठेवला, शेजारी भाकरी, ठेचा आणि लसणाची चटणी मांडली, आणि सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. सगळे मागे झाले. जयसिंग हात जोडून पुढे राहिला. कावळे पाण्याच्या टाकीवर येऊन बसले, कठड्यावर बसले, खाली मान घालून ओरडत राहिले. एकही उतरेना.

जयसिंग म्हणाला, आई, रोज दिवा लावीन. नाही उतरले. तुझ्या नावाने पाणपोई घालीन. नाही. मग बायका मागून सुचवू लागल्या आणि तो म्हणत गेला. देवळाला कळस. शाळेला पंखे. पतवंडांची तोंडं बघायची राहिली म्हणून शेफालीला पुढे केलं, तिने सासूच्या कानात एवढ्यात नाही म्हणून सांगितलं आणि स्वतःच मागे सरकली. विजयमालेला आयुष्यभर अंतर देणार नाही, असं जयसिंग म्हणाला तेव्हा टाकीवरचा एक कावळा त्याच्या टकलावरून झपकन गेला. टाळूवर लाल रेघ उठली.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "कावळ्यांना आमंत्रण गेलं नाहीसं दिसतंय. शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करून शिवून घेतो."

जयसिंगचा चेहरा उजळला. करा, असं तो म्हणणार तोच रामदासकाका काठी आपटत पुढे आले. वहिनीने जन्मभर खऱ्या कावळ्यांना जेवू घातलं आणि तिला गवताचा कावळा शिवणार का, असं त्यांनी विचारलं. भावकीतून हुंकार आला. गुरुजींनी दर्भ परत पिशवीत ठेवला.

विजयमाला तेव्हा पुढे झाली. भावाच्या शेजारी उभी राहिली, हात जोडले आणि पिंडाकडे बघत म्हणाली, "दादा, झाडाचं सांग."

त्याने तिच्याकडे पाहिलं. दातांतल्या दातांत म्हणाला, की माले, बारावा होऊ दे, बसून बोलू. काय झाडाचं, असं काकांनी विचारलं. मागची माणसं पुढे सरकली. ऊन टकलावर, ओल्या धोतराचा काठ सुकत आलेला, वर चाळीसएक चोची. जयसिंगने ओठ हलवले.

"काय ऐकू येईना," काका म्हणाले. "माइक द्या त्याला."

कुणीतरी माईक आणून हातात दिला. कर्णे एकदा किंचाळले. मग आमच्या गल्लीने, पलीकडच्या गल्लीने, क्लासच्या पोरांनी आणि नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी स्वच्छ ऐकलं.

"आई, झाड मी तोडलं. मालीनं सांगितलं नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं."

काकांनी पुन्हा सांग म्हटलं. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं, की सहा वर्षांत वहिनीचा जीव कसा झुरला ते आठवून त्यांनी तसं केलं, हे सांगता येणार नाही. जयसिंगने पुन्हा सांगितलं. मंडपातल्या बायकांनी विजयमालेकडे पाहिलं, आणि त्यांच्यातल्या कितीजणी सहा वर्षं कपडे वाळत घालताना हसल्या होत्या, ते ज्यांचं त्यांना आठवलं.

कावळे तरीही ओरडतच होते. विजयमाला शांतपणे म्हणाली, "आता नमस्कार कर आणि विहिरीच्या पलीकडे जाऊन पाठ करून बस. तिला तुझं तोंड बघायचं नसेल."

तो गेला. लहान पोराला कोपऱ्यात बसवावं तसा विहिरीच्या कठड्याआड, मंडपाकडे पाठ करून बसला. टाकीवरचा कालवा हळूहळू विरला. मग एक कावळा उतरला, एक पाय आखडत चौथऱ्यावर उड्या मारत आला, पिंडाला चोच लावली आणि भाकरीचा तुकडा उचलला.

पाचशे माणसांनी एकदम श्वास सोडला. विजयमाला वाकली.

"सांग तिला," ती म्हणाली.

पंगतीत वाढताना शेफालीने तिला आमटीच्या पातेल्यापाशी गाठलं. हळू आवाजात म्हणाली, "आत्या, बाबा समोर असेपर्यंत ते उतरणारच नव्हते. कबूल केलं म्हणून नाही, बाजूला झाले म्हणून आले. तुम्हाला माहीत होतं."

"मीठ बघ गं आमटीत."

"आणि आजी खरंच म्हणाल्या होत्या? विहिरीपाशी करा म्हणून?"

"कावळ्याला विचार," विजयमाला म्हणाली आणि पातेलं उचलून पंगतीकडे गेली. त्याला कालचं सांगता येत नाही, हे शेफालीनेच तिला शिकवलं होतं.

त्यानंतर जयसिंगशेठना कोथरूड जड झालं. फ्लेक्स उतरला, तिकीट दुसऱ्याला गेलं. वर्षाच्या आत त्यांनी बंगला पोराला सोडून बाणेरला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथे झाडं अजून रोपटी होती आणि कावळे परके. पहिल्या आठवड्यात ते मुद्दाम उघड्या डोक्याने हिंडले. मिशीही वाढली होती.

मग एक दिवस विजयमाला पुरणपोळीचा डबा घेऊन बाणेरला गेली. दादा-वहिनी बाहेर गेले होते. फाटकावरच्या वॉचमनने, लातूरकडच्या उत्तरेश्वरने, तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तासभर ती तिथे बसली. नुसतं बसून काय करणार, गोष्ट सांगितली. झाड, पिल्लं, लंगडा, सुंठ, सगळं. उत्तरेश्वरने डोळे पुसले आणि पुढे दूधवाल्याला, लिफ्टवाल्याला आणि चार मजल्यांवरच्या कामवाल्यांना ती गोष्ट दिली. यांतल्या कुणीही कडुनिंब पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जयसिंगशेठ गाडी घेऊन फाटकातून निघाले तेव्हा उत्तरेश्वर काच वाजवून वाकला. अदबीने म्हणाला, "साहेब, ते आईला खोटं सांगितलेले, ते आपणच का?"

रविराजने हा प्रसंग घरी हसून सांगितला, शेफालीने तो आत्यापर्यंत आणला. विजयमालेने चहाचं आधण ठेवलं, भाकरीचा चतकोर घेतला आणि खिडकी उघडली.

"लंगड्या," ती म्हणाली, "तिला सांग, बाणेरलाही कळलं."